मनगटाला धरून

नदी सरळ शाळेच्या पटांगणात शिरली. धाकटी पडद्याकडे बघत राहिली. सकाळपासून ती त्या नदीच्या काठाकाठाने माउसचे ठिपके टाकत चालली होती. कोणे एके काळी कोणीतरी शाईने नकाशावर काढलेली रेघ कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची, एवढंच त्या ऑफिसातलं काम. एका वळणावर अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की हात उडाला, ठिपका भलतीकडे पडला आणि नदी काठ सोडून चालती झाली. एक बटण दाबलं की सगळं पूर्ववत होतं, या कामात पूर ओसरायला वेळ लागत नाही. पण तिचा अंगठा बोटांना चिकटून बसला होता, तो हलेचना. मागून जाताना साहेब थबकले. "काय ताई, शाळेला सुट्टी दिलीत वाटतं?" म्हणाले. ती हसली. हसता हसता तिने उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने बटण दाबलं, आणि डाव्या मनगटातही तीच कळ, त्याच वाटेने, कोपरापर्यंत गेली. नदी मुकाट्याने परत आली. साहेब पुढे गेले. माउस उजव्या हातात असतो, मग डावा का दुखावा, हा प्रश्न तिच्या मनाच्या दारापर्यंत आला आणि तिने दार लावून घेतलं. तसं तिला ते जमत असे. पन्नाशी उलटली तरी घरात तिला धाकटीच म्हणत, आणि धाकट्या माणसाने सगळेच प्रश्न आत घ्यायचे नसतात.

हात गेले तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. नोकरीचं नंतर बघता आलं असतं, पण बाबा जातील. दादाने ते सांगितलं होतं, आणि तेही भांडून नाही. दादा भांडणारा माणूसच नव्हता, तो दुसऱ्या गावी राहून सगळ्यांना समजुतीने जिंकत असे. बाबांचे पाय आजारपणात गेले आणि त्याच्या मागोमाग डोक्यातलंही थोडं थोडं जायला लागलं, तेव्हा त्याने एक संस्था बघून ठेवली. स्वच्छ, हवेशीर, समोर झाडं, माणसं चांगली. "तुला झेपतंय तोवर राहू देत घरी. पण ज्या दिवशी झेपणार नाही त्या दिवशी कळव, लपवू नकोस. मी येऊन घेऊन जाईन." एवढंच तो म्हणाला होता. यात वाईट काहीच नव्हतं आणि म्हणूनच धाकटीला त्याचा राग येई. वाईट बोलला असता तर तिला वाईट बोलता आलं असतं. तिने लग्न केलं नव्हतं, आई गेल्यावर घरात दोनच माणसं उरली होती, आणि त्या दोघांत बोलणं असं फारसं नव्हतंच. पण संध्याकाळी कुलूप काढताना आतून खुर्ची करकरली की तिला बरं वाटे. आपल्या येण्याची कोणी वाट बघतं, ही गोष्ट माणसाकडे एकदा असली की ती देऊन टाकवत नाही.

बाबांना उठवायची रीत त्यांची त्यांनीच ठरवली होती. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून न्हाणीघरात, जिथे न्यायचं तिथे तिने समोर उभं राहून दोन्ही हात पुढे करायचे आणि त्यांनी तिची मनगटं धरून स्वतःला वर ओढायचं. जन्मभर बस चालवलेला माणूस, पाय गेले तरी पंजे शाबूत होते. ते धरत तेव्हा हाडावर हाड आल्यासारखं वाटे, आणि मग सगळं शरीर त्या दोन मनगटांना लटके. त्यासाठी कमरेचा पट्टा मिळतो. दादाने तो पहिल्याच महिन्यात पाठवला होता, दोन्ही बाजूंना मुठी असलेला. तो बांधला की बाबा गळा दाबल्यासारखे ओरडत. "मी काय सामान आहे? गाठोडं आहे मी?" काखेत हात घालू देत नसत, पाठीमागून धरू देत नसत. दुपारी त्यांच्यापाशी बसायला जी बाई येई तिने आपला निकाल लावून टाकला होता. "मी नाही ताई मनगट देत. माझी मनगटं मला भांड्यांना लागतात. मी आपली पट्ट्याने उचलते, ओरडू दे की. ओरडल्याने फुप्फुसं मोकळी होतात." धाकटीला ते ऐकवत नसे. ती घरी आली की पहिल्यांदा पट्टा सोडून कपाटात टाकी आणि हात पुढे करी. बाबा तिची मनगटं धरत, आणि त्या घडीला त्यांच्या तोंडावर असं काही येई, जणू अजून आपणच गाडी चालवतो आहोत.

डॉक्टरांकडे ती शेवटी गेली ती साहेबांनी धोशा लावला म्हणून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. डॉक्टरांनी तिचा अंगठा मुठीत घ्यायला लावला, मूठ करंगळीकडे वाकवली, आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. "हं," डॉक्टर म्हणाले. "घरात तान्हं मूल आहे का? नातू वगैरे? उचलायला लागतं का कोणाला?" बाळंतिणींना होतं असं, त्यांनी समजावलं, सारखं उचलून उचलून. धाकटीने आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "या वयात, डॉक्टर?" डॉक्टरही हसले. "नाही, विचारावं लागतं. काम काय करता?" तिने माउसचं सांगितलं, नदीचंही सांगितलं. "मग झालं तर," ते म्हणाले आणि लिहू लागले. तान्हं मूल नव्हतं हे काही खोटं नव्हतं. बाहेर येऊन जिन्यात ती जरा थांबली. परत जाऊन सांगावं का? सांगितलं तर डॉक्टर म्हणतील उचलणं बंद करा, आणि डॉक्टर म्हणाले असं दादाला कळलं की झालं. माउस बंद करा असं कोणी म्हणत नाही. माउसचं दुखणं इज्जतीचं असतं, अर्ध्या ऑफिसला आहे. ती जिना उतरली. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं आई म्हणायची, कशावरूनही म्हणायची.

अर्ध्या ऑफिसला होतं म्हणूनच वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये, काम सुटल्यावर, योगाचा वर्ग सुरू झाला होता. शिकवायला येणाऱ्या योगाच्या बाई उंच, सडसडीत आणि बेताच्या गोड होत्या. "तुमच्यातलं कोणीही आजारी नाही," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तुम्ही फक्त बसून आहात." सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले. हिशेबवाल्याला मांडी घालता येईना, त्याला भिंतीशी बसवलं. अंगठा आत घालून मूठ, मुठीतून मनगट गोल, आधी आत मग बाहेर. हात समोर ताठ, बोटं वर, जसं कोणाला थांब म्हणतो तसं. मग तळव्याला तळवा लावून छातीशी नमस्कार, आणि तो जोडलेला नमस्कार न सुटू देता हळूहळू खाली, पोटाकडे, कोपरं वर. तिथे धाकटीचे डोळे भरून येत. "ताण वेगळा आणि दुखणं वेगळं," बाई तिच्यासमोर बसून म्हणत. "दुखलं तर थांबायचं. तुम्ही थांबत का नाही?" चौरंगासारखं गुडघ्या-हातांवर आल्यावर बाई तिला तळवे टेकू देत नसत, मुठी टेकायला सांगत, म्हणजे मनगट मोडत नाही. सगळ्यात शेवटी पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे, तळवे आकाशाकडे. "आता हातांनी काहीही धरलेलं नाही," बाई संथ आवाजात म्हणत. "बोटं आपोआप मिटतील तेवढी मिटू द्या. सोडून द्या." हिशेबवाला घोरू लागे. धाकटी मात्र जागी असे, आणि रिकामे हात वर करून पडलं की तिला छातीत एकदम खड्ड्यासारखं वाटे.

मनगटाला धरायची ती खोड बाबांची जुनी होती. ती शाळेत जात असताना डेपोसमोरचा रस्ता ओलांडावा लागे, आणि ते तिला हाताला कधीच धरत नसत, मनगटाला धरत. "हात निसटतो. घामाने निसटतो, घाबरून निसटतो. मनगट निसटत नाही," असं सांगत. दुसरं एक सांगत, की दुसऱ्याने आपल्याला धरलं तर ते धरणं त्याच्या मर्जीवर असतं, आपण धरलं तर आपल्या. तेव्हा तिला ते काही कळलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की मनगट आवळलं जातंय आणि दोन्ही बाजूंनी मोठाल्या गाड्या येताहेत आणि आपण त्यांच्यामधून राणीसारखे चाललो आहोत, कारण त्यातले निम्मे ड्रायव्हर बाबांना बघून हॉर्न देताहेत. पलीकडे गेल्यावर मनगटावर चार बोटांचे लाल वळ असत. वर्गात बसून ती ते वळ हळूहळू फिकट होताना बघत असे, आणि ते पार नाहीसे झाले की तिला आई आठवून रडू येई. बाबा आठवून कसं नाही आलं, याचं तिला आता सतरंजीवर पडल्या पडल्या नवल वाटे. आता वळ निळे पडत आणि सकाळपर्यंत जात नसत. त्यावर ती पट्ट्या बांधी, आणि ऑफिसात पट्ट्या बघून लोक माउसला शिव्या देत.

घरीही ती नेमाने करी. योगाच्या बाईंनी बजावलं होतं, रोज केलं तरच, नाहीतर माझ्याकडे रडत यायचं नाही. संध्याकाळचा चहा झाला की ती बाबांच्या खुर्चीसमोर सतरंजी टाकून बसे आणि मुठी फिरवू लागे. बाबा टक लावून बघत. कधी त्यांचेही हात हलत, पण ते तिच्यासारखे नव्हे, मोठं चाक फिरवल्यासारखे, एका वळणावर दोन्ही हात एकदम. "कुठे निघालात, बाबा?" ती विचारी. "तू सांगशील तिकडे," ते म्हणत, आणि दोघं हसत. तेवढा अर्धा तास त्या घरात सुख होतं, यात काही खोटं नाही. मनगटं जराशी सैलावत, अंगठा सुटा होई, तिला वाटे उतार पडतोय. मग ती उठे आणि त्यांना पलंगावर न्यायला हात पुढे करी, आणि सैलावलेलं सगळं पुन्हा जिथल्या तिथे येई. मध्ये दादा आला होता. त्याने पट्ट्या बघितल्या, तिचा हात हातात घेऊन उलटसुलट केला, आणि ती म्हणाली, "ऑफिसचं रे. सगळ्यांनाच आहे. योगा चालू आहे माझा." नमस्कार करूनही दाखवला. "बरं वाटतंय ना पण?" दादाने विचारलं. "खूप," ती म्हणाली. दादाने विश्वास ठेवला, म्हणून तिला पुन्हा त्याचा रागच आला.

बाबा पडले त्या सकाळी काहीच वेगळं नव्हतं. न्हाणीघरातून बाहेर यायचं होतं, त्यांनी धरलं, ओढलं, ते अर्धे उठले, आणि तिच्या मनगटांनी तिला न विचारता काम सोडलं. तिने ढकललं नाही, हिसडा दिला नाही. हात फक्त खाली गेले, जसा जड पिशवीचा बंद आपसूक उसवतो. त्यांची बोटं तिच्या कातडीवरून घसरत घसरत तळव्यापर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली, आणि मग ते बसल्यासारखे खाली गेले. कपाळाला खोक पडली, फार नाही. ते भिंतीला टेकून बसले होते आणि तिच्या हातांकडे बघत होते. किती तरी महिन्यांत त्यांनी कशाकडेही इतकं नीट बघितलं नव्हतं. दुपारच्या बाईला लवकर बोलावून दोघींनी पट्ट्याने उचललं तेव्हा ते ओरडले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. संध्याकाळी ती पुढे हात करून उभी राहिली तर त्यांनी आपले हात मांड्यांखाली घालून ठेवले.

दादा आला. तिने सांगितलं, फरशी ओली होती. "ओली नव्हती," बाबा खुर्चीतून म्हणाले. ते इतक्या सरळ आवाजात बोलले की दोघंही वळली. "हिचे हात दुखतात. केव्हाचे दुखतात. मला ने." दादा तिच्याकडे बघू लागला. ती म्हणाली, बाबा काहीतरीच बोलतात, तुला माहीत आहे ना त्यांचं. "ब्रेक लागत नसले तर गाडी रस्त्यावर काढायची नसते," बाबा दादाला म्हणाले, एखाद्या नव्या ड्रायव्हरला सांगावं तसं. "कोणाची का असेना. डेपोत लावायची." आणि मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि ते पुन्हा आपल्या नेहमीच्या धुक्यात शिरले. दादा काही रागावला नाही. स्वयंपाकघरात येऊन एवढंच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" तिने नळ सोडला. सांगितलं असतं तर तू नेलं असतंस, आणि नाही सांगितलं तरी नेतोच आहेस, असं तिच्या अगदी ओठांवर होतं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तीन पिशव्यांत बाबांचं सगळं मावलं.

पहिले काही दिवस ती मेल्यासारखी झोपली. त्याची लाज वाटे, पण झोप लाज बघत नाही. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की सकाळी बरणीचं झाकण उघडतंय. कुलपात किल्ली फिरतेय. ऑफिसात काम उलट वाढलं होतं, डोंगरांच्या रेघा आल्या होत्या, एकात एक, संपता संपत नाहीत अशा, दिवसभर माउस, आणि मनगट हूं की चूं करत नव्हतं. डावंही नाही. कोणीही शहाण्या माणसाने यावरून जे ताडलं असतं ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. फक्त आता ते नाकारायला काही निमित्त राहिलं नव्हतं. आपल्या अंगात बाबांचं एवढंच उरलं होतं आणि तेही बरं होऊन चाललंय, असं तिला वाटे. भांडी घासताना ती कधी कधी मनगट मुद्दाम वाकवून बघे, करंगळीकडे, डॉक्टरांनी वाकवलं होतं तसं, कळ येतेय का. येत नसे. मग ती बराच वेळ सिंकपाशी तशीच उभी राही.

योगाच्या बाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. एके दिवशी त्यांनी तिला पुढे बोलावून सगळ्यांकडे तोंड करून बसवलं. "बघा," त्या म्हणाल्या. "या आल्या तेव्हा हाताला बोट लावू देत नव्हत्या." धाकटीने तळवे जोडले, कोपरं वर करून खाली नेले, पार पोटापर्यंत, मग हात पाठीमागे घेऊन तिथेही जोडले. चौरंगासारखी होऊन तळवे जमिनीला सपाट टेकले आणि सगळा भार मनगटांवर घेतला. मनगटांनी तो आनंदाने घेतला. हिशेबवाल्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. "सांगा त्यांना, काय केलंत," बाई म्हणाल्या. बाईंचा चेहरा खरोखर उजळला होता. त्यांचं यात काय चुकलं होतं? "रोज केलं," धाकटी म्हणाली. "ऐका," बाई म्हणाल्या, "नेम. दुसरं काही नाही." जागेवर परत येऊन ती पाठीवर पडली, आणि डोळे मिटल्यावर तिला एकदम सुचलं की हात तर बरे झाले. म्हणजे आता तक्रारीला जागाच नाही. दादाची अट काय होती, झेपतंय तोवर. आता झेपेल. पट्ट्याची बाबांना तिथे सवय झालीच असेल, नाहीतर मनगटं आहेतच, आता ती सुटायची नाहीत. ती इतकी हलकी झाली की बाईंनी सगळ्यांना उठवलं तरी पडूनच राहिली, आणि सगळ्यांना वाटलं, हिला झोप लागली.

सुट्टीच्या दिवशी ती संस्थेत गेली. दादाला तिने अजून काही सांगितलं नव्हतं, आधी बाबांना विचारू म्हणाली. बाबा व्हरांड्यात बसले होते, दाढी केलेली, केस नीट विंचरलेले. त्यांनी तिला ओळखलं की नाही ते तिला कळलं नाही. आईचं नाव काढलं तर ते नुसते हसले. डेपोचं काढलं, डेपोसमोरच्या रस्त्याचं काढलं, दादाचं काढलं. ते प्रत्येक वेळी मान हलवत होते, परक्या घरी माणूस हलवतो तशी. मग ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. "चला बाबा. उठा. घरी जायचं." त्यांनी तिच्या मनगटांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा ओळखीने भरला. हात पुढे यायच्या ऐवजी मांड्यांखाली गेले. "नको," ते म्हणाले. "तुझे हात दुखतात."

"नाही दुखत आता. बरे झाले."

"दुखतात," ते म्हणाले. सगळं गेलं होतं आणि तेवढं एकच राहिलं होतं, आणि ते त्यांनी घट्ट धरलं होतं. धाकटी घाईने खाली बसली, तिथेच, व्हरांड्याच्या लादीवर. "हे बघा," ती म्हणाली, आणि अंगठा आत घालून मुठी फिरवल्या, आत, बाहेर. हात ताठ करून बोटं वर केली. तळवे छातीशी जोडले आणि कोपरं वर करत ते खाली नेले, पोटापर्यंत, पाठीमागे नेले, तिथे जोडले. धाप लागली तरी थांबली नाही. हात लादीवर टेकून त्यांच्यावर सगळा भार टाकला आणि मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "दिसतंय ना बाबा? एवढं केलं तरी काही होत नाही."

बाबांनी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मग ते पुढे वाकले आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "दुखतात म्हणूनच करतेस ना, बाळ? दुखत नसते तर कशाला केलं असतंस हे सगळं?"

जेवणाची घंटा झाली. आतून दोघं जण पट्टा घेऊन आले, आणि त्यांना येताना बघून बाबांनी आपणहून दोन्ही हात वर केले.